अनुराधेतला डेल्टा दर फेब्रुवारीत उजळतो का? ऐरोलीच्या गच्चीवरच्या नोंदींबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही ऐरोलीला बिल्डिंगच्या गच्चीवरून गेले तीन सीझन डेल्टा स्कॉर्पी, म्हणजे वृश्चिकेतल्या अनुराधा नक्षत्रातला तारा, बघताय, नुसत्या डोळ्यांनी, आणि मोबाईलवर फोटोही काढताय. तुलनेला वृश्चिकाच्या पाठीवरचा एप्सिलॉन घेता. फेब्रुवारीत पहाटे साडेपाचला बघितलं की डेल्टा १.५ च्या आसपास वाटतो (तेजाचा हा आकडा, म्हणजे मॅग्निट्यूड किंवा प्रत, जितका लहान तितका तारा उजळ), मे महिन्यात रात्री एक वाजता बघितलं की १.८, आणि हे तिन्ही वर्षं झालंय. मग तुम्ही विचारलंय की या ताऱ्याला एक वर्षाचा पिरियड आहे का, तो त्याच्या जोडीदार ताऱ्यामुळे आहे का, आणि हा तरुण तारा आहे म्हणजे त्याच्याभोवती ग्रह तयार होणारी चकती आहे का.

आधी एक सांगतो, तीन वर्षं पहाटे उठून गच्चीवर जाणं हेच मोठं काम आहे, बहुतेक लोक दुसऱ्या आठवड्यात गळतात. आणि मला सर नका म्हणू, मी पण हौशीच, फक्त पंचवीस एक वर्षं ठाण्यातून हे रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे तारे बघतोय, आधी चरईतल्या जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवरून आणि आता घोडबंदर रोडला जिथे अर्धं आकाश टॉवरनी खाल्लंय.

आता खरा मुद्दा. तारा बदलतो का, याचं उत्तर हो आहे, चांगलाच बदलतो. पण तुमच्या वहीत जो बदल दिसतोय तो ताऱ्याचा आहे का हा वेगळा प्रश्न आहे, आणि तुमची अडचण तिथे आहे. कुठल्याही ताऱ्याचा पिरियड बरोबर एक वर्ष निघाला की मला पहिला संशय पृथ्वीवर येतो, कारण साडेचारशे प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याला आपली होळी कधी आणि पावसाळा कधी हे माहीत असायचं काही कारण नाही. तुम्ही आज बघताय तो प्रकाश तिकडून निघाला तेव्हा वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती.

तुमच्याच आकड्यांवरून हिशोब करू. फेब्रुवारीच्या मध्यावर पहाटे साडेपाचला आपल्याकडून डेल्टा साधारण ४३ अंश उंचीवर असतो आणि एप्सिलॉन फक्त २७ अंशांवर, कारण तो बराच दक्षिणेला आहे आणि उगवतोही उशिरा. बरोबर डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या एका थरातून येतो असं धरलं तर ४३ अंशांवरच्या ताऱ्याला साधारण दीड थर पार करावा लागतो आणि २७ अंशांवरच्याला २.२ थर. फरक ०.७ थराचा. मे महिन्याच्या मध्यावर रात्री एकला डेल्टा ४८ अंशांवर, एप्सिलॉन ३५ वर, थर झाले १.३५ आणि १.७५, फरक फक्त ०.४. आता एक थर किती प्रकाश खातो ते हवेवर. थंडीत आपल्याकडे पहाटे ती राखाडी चादर पसरलेली असते, ऐरोलीहून तर ठाणे-बेलापूर रोडच्या बाजूला बघितलं की रबाळे घणसोलीच्या वरचं आकाश दुधी दिसतं, तेव्हा मी ०.६ मॅग्निट्यूड प्रति थर धरतो. मे मध्ये समुद्रावरून वारा असतो, हवा दमट पण त्यामानाने धुतलेली, ०.३५ धरतो. म्हणजे फेब्रुवारीत एप्सिलॉन डेल्टापेक्षा ०.४२ ने जास्त मार खातो आणि मे मध्ये फक्त ०.१४ ने. तुम्ही एप्सिलॉनला २.३ धरून मोजताय, तो मंद झालेला तुम्हाला कळत नाही, त्यामुळे तेवढाच डेल्टा उजळ वाटतो. तुमचा १.५ दुरुस्त केला की १.९ आणि तुमचा १.८ दुरुस्त केला की पण १.९. तुमचा अख्खा वार्षिक पिरियड हवेत गेला.

हे ०.६ आणि ०.३५ माझे अंदाज आहेत हां, तुमच्या गच्चीवर एखाद्या रात्री ०.५ असेल एखाद्या रात्री ०.८, म्हणून १.९ हा आकडा पक्का धरून कुठे पाठवू नका. दिशा आणि साधारण आकार मात्र बरोबर जुळतोय, आणि मला तेवढं पुरेसं आहे.

ही चूक मला कशी माहीत, तर मी स्वतः केलीय म्हणून. आणि माझी जास्त लाजिरवाणी होती, मी सार्गास घ्यायचो, म्हणजे विंचवाच्या शेपटीतला थीटा, कारण तो १.८६ चा आहे आणि डेल्टाच्या तेजाला जवळ आहे. पण तो आपल्याकडून कधीच २८ अंशांच्या वर चढत नाही. एक अख्खा सीझन मी डेल्टा उजळ नोंदवला, आणि डेल्टा उजळतोय अशी बातमी वाचलेली होती त्यामुळे मला तो उजळ दिसणार हे मनाने आधीच ठरवलेलं. वहीतली ती पानं अजून आहेत, समासात लाल पेनाने फुल्या मारलेली.

आता ताऱ्याकडे येऊ. डेल्टा स्कॉर्पी म्हणजे आपल्या अनुराधा नक्षत्रातल्या तीन ताऱ्यांपैकी मधला. वर बीटा, मध्ये डेल्टा, खाली पाय (ग्रीक अक्षर π). जुन्या पुस्तकात याची प्रत २.३ दिलेली असायची आणि कोणी फारसं लक्ष द्यायचं नाही. २००० साली जून-जुलैमध्ये अर्जेंटिनातल्या सेबास्टियन ओटेरो या हौशी निरीक्षकाच्या लक्षात आलं की हा नेहमीपेक्षा जरा उजळ आहे, साधारण ०.१ ने. नुसत्या डोळ्यांनी. हे मी नवीन मुलांना मुद्दाम सांगतो, कारण त्यांना वाटतं महागडा कॅमेरा आणि दुर्बीण असल्याशिवाय यात काही होत नाही. पुढे तारा चढतच गेला आणि दोन एक वर्षांत १.६ पर्यंत पोचला, मग २००५ च्या सुमारास परत जवळजवळ जुन्या पातळीला उतरला आणि नंतर पुन्हा चढला. आमच्याकडे अर्थातच २००० च्या जून-जुलैमध्ये धो धो पाऊस, मला बातमी कळून तारा दिसेपर्यंत दसरा उजाडला. चरईच्या गच्चीवरून संध्याकाळी सातला पश्चिमेला खाली, समोरच्या पाण्याच्या टाकीच्या बाजूला, तीन ताऱ्यांतला मधला बाकी दोघांना मागे टाकून ठसठशीत दिसत होता. आधीची माझी एकही नोंद नव्हती याचं वाईट वाटलं, तेव्हापासून वही.

तो असं का करतो? हा बी (B) वर्गातला तारा, पृष्ठभागाचं तापमान सत्तावीस हजार केल्विनच्या घरात, वस्तुमान सूर्याच्या साधारण तेरा पट. एवढे जड तारे इंधन इतक्या वेगाने जाळतात की म्हातारे व्हायला वेळच मिळत नाही, याचं वय साधारण कोटभर वर्षं, आपल्या सूर्याचं साडेचारशे कोटी. म्हणून तरुण म्हणतात. आणि हा गरागरा फिरतो. पावसातून आल्यावर ओली छत्री दाराबाहेर गरकन फिरवली की पाणी काडीच्या टोकांवरून बाहेर उडतं, तसा याचा वायू विषुववृत्तावरून सुटतो. निव्वळ फिरण्याने तो सुटत नाही, थोडा धक्का लागतो, तो बहुतेक ताऱ्याच्या स्वतःच्या स्पंदनांमधून मिळतो. सुटलेला वायू लगेच पळून जात नाही, ताऱ्याभोवती चकतीसारखा फिरत राहतो.

इथे तुमचा ग्रहांच्या चकतीवाला प्रश्न संपतो. ग्रह बनणारी चकती जन्माच्या वेळच्या ढगातली उरलेली असते, त्यात धूळ असते, सारथीतल्या एबी ऑरिगीभोवती तशी आहे. डेल्टाची चकती ताऱ्याने स्वतः फेकलेल्या वायूची आहे, ती येते आणि जाते. दोन्हीकडे तरुण, गरम, चकती हे शब्द येतात म्हणून गल्लत होते.

मग चकती आली की तारा उजळ का दिसतो? इतका गरम तारा बहुतेक प्रकाश अतिनील किरणांत टाकतो, जो आपल्या डोळ्याला काही उपयोगाचा नाही. चकती त्यातला काही गिळते आणि दृश्य आणि अवरक्त प्रकाशात परत सोडते. म्हणजे तारा स्वतः फारसा बदलत नाही, त्याच्याभोवतीचा वायू जमा-खर्च होत राहतो आणि आपल्याला एकच ठिपका दिसत असल्यामुळे तो ठिपका उजळला असं वाटतं. पण हे बघायच्या कोनावर आहे. चकती आपल्याकडे तोंड करून किंवा तिरकी असेल तर तेज वाढतं, पण जेवणाचं ताट डोळ्यासमोर आडवं धरल्यासारखी कडेने दिसत असेल तर तीच चकती ताऱ्याच्या तोंडावर येते आणि तारा मंदावतो. कृत्तिकेतला प्लायोनी याचं चांगलं उदाहरण आहे, त्याची चकती जमली की तो उतरतो.

ही चकती भरायला आठवडे ते महिने लागतात आणि विरायला महिने ते वर्षं. म्हणून तुम्ही दुसरं जे लिहिलंय, की मंगळवारी आणि बुधवारी ०.३ चा फरक आला, तो मी ताऱ्याच्या नावावर टाकणार नाही. या जातीचे काही तारे चार-पाच दिवसांत पण उसळी मारतात, नाही असं नाही, पण एका रात्रीत ०.३ वर आणि दुसऱ्या रात्री परत खाली असं झालं तर ती गच्चीवरची हवा, झोप न झालेले डोळे किंवा शेजारच्या बिल्डिंगने नवीन लावलेला एलईडी फ्लडलाइट.

जोडीदाराबद्दल. आहे, आणि फार लांबट कक्षेत आहे, एक फेरी १०.८ वर्षांची, उत्केंद्रता ०.९४ (० म्हणजे गोल कक्षा, १ च्या जितकी जवळ तितकी लांबट). बहुतेक काळ तो लांब असतो आणि मग झपकन आत येऊन मुख्य ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराहूनही थोडा जवळून वळसा घेऊन जातो. २००० साली उजळणं सुरू झालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुमारास जोडीदार जवळ होता, त्यामुळे सगळ्यांनी त्यालाच आरोपी केलं. मग जुलै २०११ ला तो परत येणार म्हणून जगभर लोक टपून बसले. मी पण, छत्री घेऊन. ठाण्यात जुलैमध्ये काय दिसणार, कपाळ. पण ज्यांना दिसलं त्यांच्याकडे २००० सारखी मोठी उसळी काही आली नाही, चकती आधीच होती आणि बरीचशी तशीच राहिली. शिवाय नव्वदच्या दशकातल्या काही जुन्या वर्णपटांत चकतीची पुसट खूण सापडली, म्हणजे जोडीदार यायच्या आधीच थोडाफार वायू होता. माझं मत असं की जोडीदार फार तर ढवळतो, दुकान ताऱ्याचं स्वतःचं आहे. काही झालं तरी १०.८ वर्षांच्या जोडीदाराकडून एक वर्षाचा पिरियड येत नाही, एवढं नक्की. तो २०२२ च्या उन्हाळ्यात येऊन गेला, आता २०३३ च्या सुरुवातीला येईल, तेव्हा वृश्चिक पहाटे दिसत असेल आणि पाऊस नसेल. यावेळी छत्री लागणार नाही.

आता तुम्ही काय करायचं. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, गच्चीची दक्षिण बाजू किती मोकळी आहे, रात्री दोनला सोसायटी वर सोडते का, ऑफिस किती वाजता असतं. तरी माझी पद्धत सांगतो.

एप्सिलॉन सोडा. तुलनेला अनुराधेतलेच बाकी दोन घ्या. बीटा २.५, पाय २.९, दोन्ही डेल्टाच्या तीन-साडेतीन अंशांच्या आत, एक वर एक खाली, त्यामुळे हवेचा मार जवळजवळ सारखा, आणि तिघांचाही रंग निळसर पांढरा, हा दुसरा मोठा फायदा. ज्येष्ठेला हात लावू नका, ती शेजारी आहे म्हणून मोह होतो पण ती लाल आहे, लाल ताऱ्याकडे जितकं टक लावून बघाल तितका तो डोळ्यात चढतो, आणि शिवाय ती स्वतःच बदलते. आता बीटा आणि पाय यांच्यातला फरक ०.४ हा तुमचा फूटपट्टीचा तुकडा. तो डोळ्यात बसवा, नुसतं दोघांकडे आलटून पालटून बघा, मग विचारा की डेल्टा बीटापेक्षा असे किती तुकडे वर आहे. एक तुकडा वर असेल तर २.१, दीड असेल तर १.९. पहिल्या महिन्यात हे अगदीच अंदाजपंचे वाटेल, नंतर हात बसतो.

यात अडचण ही की डेल्टा दोघांपेक्षा उजळ आहे, म्हणजे तुम्ही पट्टीच्या बाहेर मोजताय. म्हणून महिन्यातून एकदा वरच्या बाजूनेही ताळा घ्या. मे च्या मध्यावर रात्री अडीचच्या सुमारास डेल्टा पश्चिमेकडे कललेला असतो आणि पूर्वेकडून धनु राशीतला नुंकी, २.०५ चा, जवळपास त्याच उंचीवर आलेला असतो. दोन्ही चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आत-बाहेर. त्या पंधरा-वीस मिनिटांत केलेली तुलना मी बाकी दहा नोंदींपेक्षा जास्त मानतो.

आणि जी एक गोष्ट तुम्ही केलीत तर बाकी काही नाही केलं तरी चालेल ती ही, प्रत्येक वेळी डेल्टाच्या बरोबर एक न बदलणारा तारा पण मोजा, जणू तोही रूपविकारी आहे. मी भुजंगधारीतला साबिक घेतो, २.४३ चा. तोच वेळ, तीच वही, त्याच तुलना, प्रामाणिकपणे, उत्तर माहीत आहे हे विसरून. सीझन संपला की साबिकचा आलेख काढा. तो जितका वर-खाली होईल तितकी तुमची गच्ची आणि तुमचे डोळे वर-खाली होतायत, आणि डेल्टाचा त्याच्यापेक्षा जास्त जो बदल असेल तेवढाच डेल्टाचा. माझा साबिक पहिल्या वर्षी ०.३५ ने नाचला होता. आता ०.१ मध्ये राहतो, पण पावसाळा तोंडावर आला की अजूनही थोडा घसरतो.

नोंद आठवड्याला एक पुरे, रोज नको, रोज केलं की कालचा आकडा डोक्यात राहतो आणि आज तोच दिसतो. मागचं पान उघडायचं नाही. वेळ, हवा कशी होती, चंद्र होता का, एवढं बाजूला लिहा. एका नोंदीत ०.१५ ची चूक धरली तर सीझनमधल्या दहा नोंदींच्या सरासरीत ती ०.०५ वर येते, पण हे फक्त इकडे-तिकडे होणाऱ्या चुकीला लागू, एप्सिलॉनसारखी एकाच बाजूला ओढणारी चूक सरासरीने जात नाही, ती शंभर नोंदींनंतर पण तेवढीच राहते.

मोबाईलचं थोडक्यात, नाईट मोड स्वतःच्या मनाने फ्रेम जोडतो आणि चित्र छान दिसावं म्हणून तेज खेचतो, उजळ तारा आधीच पांढराफट्ट होऊन कापला गेलेला असतो, त्यावरून मॅग्निट्यूड काढू नका. ऑटो बंद करून, रॉ फाईल आणि मुद्दाम थोडा फोकस सोडून काढलात तर त्यातला हिरवा चॅनल वापरता येतो, पण त्यावर वेगळं लिहावं लागेल.

पावसाळ्याची भोकं पडणारच, जून ते सप्टेंबर आपल्याकडे काही नाही, ऑक्टोबरमध्ये पश्चिमेला थोडं मिळालं तर मिळालं, आणि नोव्हेंबरमध्ये तारा सूर्यामागे. त्या काळात सवय मोडू नये म्हणून शर्मिष्ठेतला गॅमा बघा. तोही याच जातीचा, खरं तर या जातीचा पहिला, १८६६ साली इटालियन खगोलशास्त्रज्ञ सेकी यांना त्याच्या वर्णपटात हायड्रोजनची काळी रेघ असायच्या जागी चमकणारी रेघ दिसली. १९३७ मध्ये तो १.६ पर्यंत चढला होता आणि १९४० पर्यंत ३ च्या आसपास घसरला, सध्या बरीच वर्षं शांत आहे, २.१-२.२ वर. गंमत म्हणजे ठाण्यातून तोही उत्तरेला जास्तीत जास्त ४८ अंशांवरच जातो, डेल्टा दक्षिणेला जातो तेवढाच. तुलनेला बीटा घ्या, २.२७, अल्फा नारिंगी आहे तो टाळा. ऐरोलीहून उत्तर बाजू तुम्हाला कशी दिसते माहीत नाही, ठाण्याचा उजेड तिकडे असेल, पण येऊरला जाऊन बघू असं म्हणत असाल तर रात्री गेटवरून परत पाठवतात.

जुन्या तीन वर्षांच्या नोंदी फेकू नका. फेब्रुवारीची मे शी तुलना करायची नाही इतकंच, २०२३ चा मे, २०२४ चा मे आणि २०२५ चा मे एकमेकांशेजारी ठेवा, तीच वेळ, तोच एप्सिलॉन, हवाही साधारण तशीच, म्हणजे चूक तिन्हीकडे सारखी आणि वजाबाकीत ती बरीचशी उडून जाते. फेब्रुवारीचंही तसंच वेगळं करा. दोन्ही रांगा एकाच दिशेने सरकत असतील तर ते मला बघायचंय. नोंदींच्या पानांचे फोटो टाका, वेळेच्या रकान्यासकट, आणि गच्चीवर तुम्ही नक्की कुठे उभे राहता तेही लिहा.